आमराईतलं वाळकं झाड: फोटो प्रकल्पाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

आजपासून पक्षी सप्ताह. आज वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ तारखेला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा, या दोन तारखांमधला आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. सुरुवात करायला मुहूर्त बरा आहे. दिवाळीचे फटाकेपण संपलेत, म्हणजे जवळजवळ संपलेत, मगाशीच गेटबाहेर कुणीतरी उरलेली लवंगी माळ लावली.

प्रकल्प एकदम साधा आहे. सांगलीच्या आमराईत कंपाउंडकडच्या बाजूला एक जुना आंबा उभा वाळलाय, साल निम्मी गळलीय, पान एक नाही. त्या झाडावर जो कोण येऊन बसेल त्याचा फोटो काढायचा, वेळ लिहायची आणि कुठल्या फांदीवर बसला ते लिहायचं. बास. आमराईतल्या पक्ष्यांची यादी मित्राकडं आधीच आहे, मला आणखी एक यादी करायची नाहीये. शिवाय कॅमेरा गळ्यात घालून बागेत गोल गोल फिरणारे आम्ही सगळे तेच करतो, पक्षी दिसला की त्याच्यामागं पळायचं आणि हातात काय येतं तर उडालेल्या पक्ष्याची शेपूट. त्यापेक्षा एका जागी बसू, बघू कोण येतंय.

फांद्यांना नावं देऊन टाकली, नाहीतर वहीत लिहिताना गोंधळ होणार. सगळ्यात वरची बारीक ती अँटेना, वॉकिंग ट्रॅकवर आडवी आलेली जाडजूड ती कट्टा, मधला आखूड तुकडा खुंटी, आणि कंपाउंडकडं तिरकी खाली गेलेली मोडका हात. बाकडं झाडाच्या पूर्वेला आहे त्यामुळं सकाळी बसलं की ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्याच्या तोंडावर, याहून चांगली जागा मागूनही मिळाली नसती.

कॅमेरा आपला जुनाच, कॅनन २००डी आणि ५५-२५० ची लेन्स.

पहिल्या दिवशी अँटेनावर कोतवाल, कट्ट्यावर साळुंक्यांची जोडी (भांडत), खुंटीवर वेडा राघू.

९ नोव्हेंबर

वाळक्या झाडाची एक अडचण आहे, पानं नाहीत म्हणजे मागं सगळं आभाळ. कॅमेरा त्या उजेडाला फसतो आणि पक्षी काळा ठिक्कर येतो. कोतवाल तर आधीच काळा, त्याचा नुसता कोळसा होतो. उपाय एकच, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (म्हणजे फोटो मुद्दाम जास्त उजळ काढायची सेटिंग) प्लस एक ते दीडपर्यंत न्यायचं, आभाळ पांढरंफटक गेलं तर जाऊ दे, आपल्याला आभाळाचा फोटो कुठं काढायचाय. आठच्या आधी आभाळ निळं असतं तेव्हा प्लस अर्ध्यातपण भागतं.

आज असं करून कोतवालाचे जे फोटो आले ते घरी मोठे करून बघितले. काळा म्हणतो आपण पण पाठीवर निळसर झाक आहे, आणि चोचीच्या मुळाशी, तोंडाच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आहे, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. नुसत्या डोळ्यांनी हा कधीच दिसला नव्हता. थंडीत राखी कोतवाल येतो तो आणि हा, दोघं लांबून सारखेच वाटतात, तेव्हा हा ठिपका कामाला येतो. राखीला तो नसतो आणि त्याचा डोळा लालभडक असतो.

१२ नोव्हेंबर

एका जागी बसलं की लोक येऊन विचारतात, हे धरलंच नव्हतं. फिरणाऱ्या माणसाला कोण विचारत नाही, पण बसलेल्याला प्रत्येक जण विचारतो. आज एका आजोबांनी सरळ विचारलं, "बिबट्या बिबट्या आला का काय ओ परत?" २०२१ ला शहरात बिबट्या शिरला होता ते अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणलं, नाही ओ आजोबा, साळुंकी आहे. तर त्यांचं तोंड असं पडलं की मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या एक मावशी रोज पाच फेऱ्या मारतात, त्या म्हणाल्या, "त्या वाळक्यात काय बघताय, तिकडं पलीकडं किती फुलं आलीत." आता यांना काय सांगायचं. म्हणजे सांगता येतं. पानात बसलेला पक्षी आपल्याला दिसत नाही तसंच त्यालापण बाहेरचं दिसत नाही. ज्याला उडते किडे पकडायचेत, हद्दीवर नजर ठेवायचीय किंवा सकाळचं ऊन खायचंय तो उघडी फांदीच शोधतो. एवढं बोलेपर्यंत मावशी पुढच्या फेरीला निघून गेल्या.

१ डिसेंबर

थंडी आली. सकाळी सात वाजता हात कॅमेऱ्यावर टेकवत नाही.

आजची नोंद महत्त्वाची. खोडाच्या बेचक्यात एक ढोली आहे, तिच्यात मी आत्तापर्यंत काळोखच बघत होतो. आज ऊन तिथपर्यंत पोचलं आणि ढोलीच्या तोंडाशी पिंगळा. डोळे अर्धे मिटून ऊन खात बसला होता. मी लेन्स वर केली तसे डोळे पूर्ण उघडले, पिवळेधमक, पांढऱ्या भुवया, आणि मग मान वरखाली, वरखाली. हे तो आपल्याला घाबरवायला करत नाही. घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत, त्यामुळं अंतराचा अंदाज घ्यायला त्याला अख्खं डोकं हलवावं लागतं. मी चार-पाच फोटो काढले आणि कॅमेरा खाली ठेवला. दोन मिनिटांत त्याचे डोळे परत अर्धे मिटले, म्हणजे अंतर ठीक आहे. इथून पुढं बाकड्याच्या पुढं एक पाऊलही टाकायचं नाही, नियम.

पिंगळ्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. जुनं लाकूड कुजून किंवा सुतार पक्ष्यानं कोरून जे भोक पडतं त्यावरच त्याचा संसार.

मावशींना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "अगं बाई, ते अपशकुनी." उंदीर आणि किडे खातं ओ मावशी, म्हणलं. "मग असू दे," म्हणाल्या.

१५ डिसेंबर

मित्राकडून लांबचं टिपणारी मोठी लेन्स, सिग्मा १५०-६००, मागून आणली, पंधरा दिवसांच्या बोलीवर. वजन दोन किलोच्या आसपास, हातात धरून अर्धा तास बसलं की खांदा बोलायला लागतो. बाकड्याच्या पाठीवर पोतडी ठेवून त्यावर टेकवली, ट्रायपॉड आणला की लोक लग्नाचं शूटिंग समजून मधूनच जात नाहीत आणि ट्रॅकवर गर्दी होते.

आज सगळा वेळ वेड्या राघूला दिला. तो उडतो, हवेत किडा धरतो आणि परत त्याच फांदीवर, त्याच जागी येतो, त्यामुळं उडताना त्याच्या मागं लेन्स फिरवायची गरजच नाही. रिकाम्या खुंटीवर फोकस करून ठेवायचा, शटर १/२००० सेकंद, आणि येताना दिसला की बटण दाबून धरायचं. २००डी सेकंदाला पाचच फोटो काढतो त्यामुळं नशीब पाहिजेच.

एका फेरीत मधमाशी आणली. चोचीच्या टोकात आडवी धरलेली. मग डोकं एका बाजूला नेऊन ती खुंटीवर आपटली, परत आपटली, मग पकड बदलून शेपटीकडची बाजू लाकडावर घासली, दोन-तीन वेळा, नीट, घाई न करता. काटा आणि विष असं काढून टाकतो तो. मग वर उडवून गट्टम. फोटो मोठा केल्यावर खुंटीच्या त्या जागेवर चकचकीत डाग दिसतोय, रोजच्या आपटण्यानं लाकूड तिथं गुळगुळीत झालंय. ह्याला वेडा कुणी म्हणलं असेल.

५ जानेवारी २०२५

तासभर काहीच नाही. मग कळलं का नाही ते, शिक्रा अँटेनावर बसला होता, मी पाठीमागच्या आजोबांशी बोलत होतो. कोतवाल कुठूनतरी आला आणि त्याच्या डोक्यावर सूर मारायला लागला, शिक्रा त्याच्यापेक्षा दणकट असून शेवटी तोच गेला. फोटोत नुसती धूसर रेघ. ठेवलाय.

२६ जानेवारी

काल पद्म पुरस्कार जाहीर झाले, चितमपल्लींना पद्मश्री. सकाळी सकाळी बरं वाटलं.

झाडावर आज भोरड्या. आवाज आधी आला, कलकलाट, मग थवा वळला आणि अख्खं वाळकं झाड एका झटक्यात भरलं, अँटेनापासून मोडक्या हातापर्यंत बसायला जागा नाही. गुलाबी अंग, काळं डोकं, पण या दिवसांत गुलाबी रंग मळकट असतो आणि पिल्लं तर नुसती भुरकट. हे पाहुणे मध्य आशिया, पूर्व युरोप तिकडून येतात, तिकडं अंडी-पिल्लं करून हिवाळाभर आपल्याकडं. आता आपल्या जिल्ह्यात पूर्वेकडं, जत, कवठेमहांकाळकडं शाळू दाण्यात आलाय त्यामुळं शेतकऱ्याला यांचं कौतुक असायचं कारण नाही, गोफण घेऊनच उभा असणार. पण हेच पक्षी टोळ आणि नाकतोडेपण फस्त करतात, तो हिशोब कुणी मांडत नाही.

इथं त्यांना खायला काहीच नव्हतं. नुसतं बसले, पिसं साफ केली, भांडले, उडाले. असले थांबे पानांच्या झाडावर झाले असते तर मला नुसता आवाज ऐकू आला असता.

मोजायचा प्रयत्न केला. फोटोवर ग्रीड टाकून एका चौकोनात किती ते मोजून गुणाकार, तर दोनशेच्या पुढं. असू दे अंदाजे.

१६ फेब्रुवारी

१४ ते १७ ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट आहे, जगभर लोक निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजतात आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकतात. मीपण बाकड्यावरून यादी टाकली. पूर्ण यादीचा नियम चांगला आहे, म्हणजे फक्त भारीभारी पक्षी लिहायचे आणि कावळा सोडायचा असं चालत नाही. कावळा, कबूतर, घार सगळं टाकलं.

पण आजचा हिरो वेगळा. टुक टुक टुक टुक गेले कित्येक दिवस कानावर पडतंय, तांबट, पण तो कायम पलीकडच्या उंबरात. आज मोडक्या हातावर आला आणि फांदीच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून ठोकायला लागला. आधी वाटलं किडे काढतोय. तांबट किडे काढायला ठोकत नाही, तो मुख्य फळं खाणारा, वड-पिंपळ-उंबराची. घर कोरत होता.

हे मी पाऊण तास बघितलं. शेपूट लाकडाला टेकवून आधार घेतो, दहा-बारा ठोके, थांबतो, मान मागं घेऊन भोकाकडं एका डोळ्यानं बघतो, परत ठोके. भोक थोडं खोल झालं की डोकं आत, आणि बाहेर येताना चोचीत भुसा, तो मान झटकून बाजूला फेकतो. उन्हात तो भुसा खाली पडताना एका फोटोत बरोबर पकडला गेला, कपाळावरचा लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं आणि चोचीच्या दोन्ही बाजूंनी उडणारी पिवळसर पूड. या प्रकल्पातला आत्तापर्यंतचा सगळ्यात आवडता फोटो. उजेड कमी पडला म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ठेवला, शटर १/१०००, फोटोत दाणे आलेत, येऊ देत.

खालच्या बाजूलाच का, तर पावसाचं पाणी आत जात नाही आणि वरून कुणाला भोक दिसत नाही. आणि वाळक्यातच का, तर तांबटाची चोच जाड असली तरी सुतारासारखी छिन्नी नाही, ओल्या टणक लाकडात त्याचं काम कठीण, कुजत आलेलं मऊ लाकूड त्याला हवं असतं. म्हणजे हे झाड जिवंत असताना यांच्या उपयोगाचं नव्हतं असं नाही, पण मेल्यावर जे घर मिळतंय ते जिवंतपणी मिळालं नसतं.

९ मार्च

झाडावर खडूची फुली.

बागेत काम करणारे एक आप्पा आहेत, रोज रामराम होतो. विचारलं तर म्हणाले, "वाळल्यालं हाय नव्हं, पाडायचंय. वळवात कुणाच्या डोस्क्यात पडलं म्हंजी?" यात चुकीचं काही नाही. कट्टा बरोबर ट्रॅकवर आहे, रोज त्याखालून म्हातारी माणसं, पोरं जातात. पक्ष्यांसाठी माणसाच्या डोक्यावर फांदी टांगून ठेवा असं मी म्हणणार नाही.

मोबाईलवर फोटो दाखवले. पिंगळा बघून आप्पा हसले, "ह्यो हितंच ऱ्हातुय? मला वाटलं मोरीकडंच हाय." मग तांबटाचं भोक दाखवलं. मग मी जे डोक्यात घोळत होतं ते बोललो, अख्खं कशाला पाडताय, ट्रॅकवरचं तेवढं काढा, खोड आणि कंपाउंडकडची फांदी राहू दे, तिकडं खालून कोण जात नाही. आप्पा म्हणाले, "सायबास्नी सांगतो." मीपण जाऊन सांगितलं, फोटोंचे चार प्रिंट घेऊन. साहेब लगेच हो म्हणाले नाहीत, बघू म्हणाले.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून उशिराच गेलो.

कट्टा गेलाय, बाकी झाड उभं. कापलेल्या तोंडाशी लाकूड आतून पोकळ, कुजकं, म्हणजे काढायलाच हवा होता. खोडाभोवती दोरी बांधलीय. साळुंक्या आणि सातभाई कट्ट्यावर यायचे ते आता झाडावर येतच नाहीत, खाली पाण्याच्या नळाशी दिसतात. तांबटाच्या भोकातून कोण बाहेर बघत नाही पण जोडीतला एक जण आत गेला की दुसरा बाहेर पडतोय, म्हणजे आळीपाळीनं अंडी उबवणं चाललंय.

वेडे राघूपण कमी झाले. ते झाडात घर करत नाहीत, मातीच्या दरडीत बिळं कोरतात, कृष्णेकाठी गेले असणार.

१३ एप्रिल

पिल्लं आहेत. नर-मादी दोघं सारखी ये-जा करतायत, चोचीत उंबराची फळं आणि मधूनच किडे. जाताना चोचीत विष्ठा घेऊन बाहेर फेकतात, घर साफ. ऊन कडक, नऊनंतर फोटोला अर्थ नाही, हवाच थरथरते.

आज एक जण आला, मोठी लेन्स, खिशात छोटा स्पीकर. म्हणाला, तांबटाचा आवाज लावू का, बाहेर येईल. म्हणलं, अजिबात नको. पिल्लं असताना आवाज लावला की त्याला वाटतं दुसरा तांबट हद्दीत आलाय, चारा सोडून तो भांडायला निघतो. शिवाय तो बाहेर येतोच आहे दर थोड्या वेळानं, तुला दहा मिनिटं बसता येत नाही का. हे शेवटचं मनात बोललो. तो माणूस वाईट नव्हता, बसला, त्याला फोटो मिळाला, त्याच्या लेन्सला माझ्यापेक्षा चांगला मिळाला, आणि चहा पाजून गेला.

ढोलीचे आणि घरट्याचे फोटो मी सध्या कुठंच टाकत नाहीये. पिल्लं उडाली की टाकीन, तेपण लोकेशन काढून.

अँटेनावर थोडा वेळ राखी धनेश. याचं घरटंपण ढोलीतच, पण मोठी ढोली लागते. मादी आत बसून दार लिंपून घेते, एक फट ठेवते आणि नर बाहेरून भरवतो. असं मोठं जुनं झाड आमराईत कुठलं ते शोधायचंय, पण या प्रकल्पात नाही.

११ मे

तांबटाच्या भोकात पिल्लाचं तोंड. कपाळावर लाल नाही, सगळं हिरवट-भुरकट. आपल्याकडंच बघत होतं.

२५ मे

यंदा मे महिन्यातच पावसाळा लागल्यासारखं झालंय, वळीव म्हणावा तर थांबायचं नाव नाही. दोन-तीन दिवस कॅमेरा बाहेर काढला नाही. आज उघडीप मिळाली म्हणून गेलो तर अँटेना खाली पडलेली, दोरीच्या आतच. मोडका हात शाबूत. भोकात हालचाल नाही. उंबरावर दोन बिनटिळ्याचे तांबट दिसले, तेच का दुसरे कुणास ठाऊक.

कोतवालानं खुंटी ताब्यात घेतलीय.

१९ जून

चितमपल्ली काल गेले. सोलापुरात. अख्खी नोकरी जंगलात काढलेला माणूस, आणि पक्ष्यांची मराठी नावं आपल्याला एका जागी मिळतात त्यात त्यांचा केवढा वाटा. सकाळी पावशा ओरडत होता, पेरते व्हा, पेरते व्हा. फोटो काढला नाही.

२९ जून

हार्डडिस्क साफ केली. प्रत्येक पक्ष्याचा एकच फोटो ठेवायचा असं ठरवलं होतं पण तांबटाचे अकरा राहिलेत.

वहीतल्या नोंदी एक्सेलमध्ये टाकल्या आणि एक गोष्ट दिसली. अँटेना मुख्यतः टेहळणीवाल्यांची, कोतवाल, शिक्रा, धनेश. खुंटी किडे पकडणाऱ्यांची. कट्टा घोळक्यानं येणाऱ्यांचा. आणि खोड आणि मोडका हात घर करणाऱ्यांचे, म्हणजे जे राहिलंय तेच सगळ्यात कामाचं आहे. पुढच्या छाटणीच्या आधी हा तक्ता आणि आठ फोटो एका मोठ्या शीटवर छापून बागेच्या ऑफिसात द्यायचेत. आप्पांनी बजावून सांगितलंय, घुबडाचा मोठा टाका, साळुंकीचा नको, ती सगळ्यांनी बघितलीय.

कापलेल्या कट्ट्याच्या तोंडावर पावसानं पांढऱ्या छत्र्या उगवल्यात आणि आज एक सोनपाठी सुतार तिथं ठोकून बघत होता. त्यामुळं वही बंद करत नाही, नवीन पान. लेन्स परत मागावी लागणार, आणि मित्र म्हणतोय पंधरा दिवसांच्या बोलीवर नेलेली लेन्स मार्चात परत दिलीस, आता आधी भडंगाचं पोतं आण मग बोलू.